नेटली ते बर्मिंगहॅम : लष्करी शल्यविशारद घडतात ती ठिकाणे

सोमवार, लंडन

युद्ध नसते तेव्हा सैन्यातले शल्यविशारद युद्धाची शस्त्रक्रिया कोठे शिकतात आणि शिकलेली कशी टिकवतात, या एका प्रश्नाभोवती मी या खेपेच्या इंग्लंड प्रवासाची आखणी केली होती. इंग्लंडच निवडण्याचे कारण असे की, या देशाने १९९० च्या दशकापासून आपली लष्करी रुग्णालये एकामागून एक बंद केली, सैन्यातल्या डॉक्टरांना आणि परिचारिकांना नागरी रुग्णालयांत कामाला लावले आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत इराक व अफगाणिस्तान अशी दोन दीर्घ युद्धे लढली. त्यामुळे ही व्यवस्था कागदावर कशी दिसते यापेक्षा ती कसोटीला कशी उतरली, हे येथे पाहता येते. मी स्वतः सैन्यात कधी नव्हतो. मुंबईत सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात शल्यचिकित्सेचे पदव्युत्तर शिक्षण घेताना लोकलखाली सापडलेल्या माणसांचे चिरडलेले पाय रात्रीमागून रात्री पाहिले, आणि पुढे सैन्यात गेलेल्या माझ्या काही विद्यार्थ्यांशी बोलताना त्या रात्रींचे मोल मला अधिक कळले.

पहिला मुक्काम लिंकन्स इन फील्ड्स येथील रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्स. तेथील हंटेरियन संग्रहालय बरीच वर्षे बंद राहून २०२३ मध्ये पुन्हा उघडले. ज्यांच्या नावाने ते उभे आहे ते जॉन हंटर शरीररचनेचे अभ्यासक म्हणून प्रसिद्ध असले, तरी १७६१ मध्ये फ्रान्सच्या किनाऱ्याजवळच्या बेल-ईल बेटावरच्या मोहिमेत आणि त्यानंतर पोर्तुगालमध्ये ते सैन्याचे शल्यविशारद होते. बंदुकीच्या गोळीची जखम सरसकट चिरून मोठी करण्याच्या तेव्हाच्या रिवाजाविरुद्ध त्यांनी जे मत मांडले, त्याला आधार या मोहिमांत पाहिलेल्या जखमांचा होता. त्यांचा त्यावरचा ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर, १७९४ मध्ये प्रसिद्ध झाला.

संग्रहालयात मी सर्वाधिक वेळ थांबलो तो लाकडाच्या चार उभ्या फळ्यांसमोर. सतराव्या शतकात इटलीतील पादुआ येथे कोणी तरी मानवी देहातल्या रोहिण्या, नीला आणि मज्जातंतू सोडवून, वाळवून, या फळ्यांवर चिकटवले. फळीवर हाडे नाहीत, स्नायू नाहीत, त्वचा नाही. केवळ तपकिरी रंगाचे जाळे माणसाच्या आकारात पसरलेले आहे. मांडीतली मोठी रोहिणी कोठे वळते, गुडघ्यामागे ती किती खोल जाते, काखेतून निघणारी रोहिणी मज्जातंतूंच्या किती जवळून धावते, हे सारे तेथे उघडे दिसते. युद्धात दगावणाऱ्या, पण वाचू शकले असते अशा सैनिकांपैकी बहुतेकांचा जीव रक्तस्रावाने जातो. अमेरिकी सैन्याने २००१ ते २०११ या काळातल्या आपल्या ४,५९६ मृत सैनिकांचा अभ्यास केला तेव्हा असे आढळले की, रुग्णालय गाठण्यापूर्वी दगावलेल्यांपैकी सुमारे एक चतुर्थांश सैनिक वाचण्याची शक्यता होती आणि त्यांतल्या दहापैकी नऊ जणांच्या मृत्यूचे कारण रक्तस्राव हे होते. म्हणजे त्या फळ्यांवर जे मांडले आहे, ते रक्ताने भरलेल्या जखमेत, अपुऱ्या उजेडात, काही मिनिटांत शोधून दाबता येणे, हे लष्करी शल्यविशारदाचे पहिले काम आहे.

याच कॉलेजात ब्रिटिश सैन्याच्या शल्यपथकांसाठी रणांगणावर जाण्यापूर्वीचा एक खास अभ्यासक्रम चालत आला आहे. त्यात शल्यविशारद, भूलतज्ज्ञ आणि थिएटरमधल्या परिचारिका असे अख्खे पथक एकत्र बसते आणि दान मिळालेल्या मृतदेहांवर छाती उघडण्यापासून मोठी रक्तवाहिनी बांधण्यापर्यंतची कामे करते. एकट्या शल्यविशारदाला न शिकवता पथकाला शिकवणे ही मला त्यातली मोलाची गोष्ट वाटली, कारण रक्तस्राव थांबवणारे हात एकाचे असले तरी रक्त चढवणारे, साधने पुढे करणारे आणि वेळ मोजणारे हात दुसऱ्यांचे असतात.

मंगळवार, व्हाइटचॅपल

सकाळी पूर्व लंडनमध्ये व्हाइटचॅपलला आलो. रस्त्याच्या एका बाजूला बांगलादेशी विक्रेत्यांचा भाजी-फळांचा आणि कापडाचा बाजार, तर दुसऱ्या बाजूला निळ्या काचांची रॉयल लंडन रुग्णालयाची उंच इमारत. बाजारात भेंडीचा भाव विचारत असतानाच वरून लाल हेलिकॉप्टर घोंघावत आले आणि इमारतीच्या छतावर उतरले. भाजीवाल्याने मानही वर केली नाही. त्याच्यासाठी तो रोजचा आवाज होता.

लंडनची हवाई रुग्णसेवा १९८९ मध्ये सुरू झाली. तिचे वैशिष्ट्य असे की, हेलिकॉप्टरमधून अनुभवी डॉक्टर आणि पॅरामेडिक अपघाताच्या जागी जातात आणि गरज पडल्यास तेथेच, रस्त्यावर, भूल देतात किंवा छातीही उघडतात. पुढे २०१० मध्ये लंडनची चार रुग्णालये गंभीर जखमींसाठीची मुख्य केंद्रे म्हणून निश्चित झाली आणि २०१२ पासून ही रचना सगळ्या इंग्लंडभर लागू झाली. त्यापूर्वी जखमी माणूस जवळच्या कोणत्याही रुग्णालयात जाई आणि तेथील शल्यविशारदाला असा रुग्ण महिन्यातून एखादाच दिसे. सगळे गंभीर जखमी थोड्या केंद्रांकडे वळवल्यावर त्या केंद्रांतल्या पथकांचा हात बसला. लष्करी डॉक्टरांच्या दृष्टीने ही मोठी सोय झाली. जेथे जखमी एकवटतात तेथेच त्यांना पाठवणे हिताचे, हे उघड आहे. चाकूचे वार, उंचावरून पडणे, अवजड वाहनाखाली सापडणे हे सारे व्हाइटचॅपलमध्ये येते.

येथे देणे-घेणे दोन्ही बाजूंचे आहे आणि ते नीट समजून घेण्यासारखे आहे. अफगाणिस्तानात ब्रिटिश सैन्य चिनूक हेलिकॉप्टरमधून डॉक्टरसह पथक पाठवत असे आणि जखमीला हवेतच रक्त व प्लाझ्मा (रक्तातला पेशीविरहित द्रव) चढवला जाई. लंडनच्या हवाई रुग्णसेवेने २०१२ मध्ये आपल्या हेलिकॉप्टरमध्ये रक्त ठेवायला सुरुवात केली, ती रणांगणावरचा हा अनुभव डोळ्यांसमोर होता म्हणूनच. उलट दिशेचे उदाहरण ट्रानेक्सॅमिक ॲसिडचे आहे. रक्ताची गुठळी विरघळू न देणाऱ्या या स्वस्त औषधाची मोठी चाचणी लंडनच्या स्कूल ऑफ हायजीन अँड ट्रॉपिकल मेडिसिनने ४० देशांतल्या नागरी रुग्णालयांत, वीस हजारांहून अधिक जखमींवर घेतली. त्यांत भारतातल्या अनेक रुग्णालयांचे रुग्ण होते. २०१० मध्ये निष्कर्ष आले, लवकर दिल्यास हे औषध मृत्यू टाळते असे दिसले, आणि अफगाणिस्तानातल्या हेल्मंड प्रांतातल्या लष्करी रुग्णालयातल्या जखमींच्या नोंदींवरून २०१२ मध्ये त्याला दुजोरा मिळाला. रस्त्यावर चिरडला गेलेला आपल्याकडचा एखादा मजूर आणि सुरुंगावर पाय पडलेला सैनिक यांचे उपचार अशा रीतीने एकमेकांशी जोडलेले आहेत, हे मला फार महत्त्वाचे वाटते.

संध्याकाळी खोलीवर परतल्यावर पूर्वी काढलेली टिपणे वाचत बसलो. बोअर युद्धात (१८९९-१९०२) दक्षिण आफ्रिकेच्या कोरड्या माळरानावर गोळीच्या जखमा फारशी चिरफाड न करता बऱ्या होत, असा ब्रिटिश शल्यविशारदांचा अनुभव होता. तोच धडा घेऊन ते १९१४ मध्ये फ्रान्स आणि फ्लँडर्सच्या शेणखताने भरलेल्या शेतांत उतरले. तेथे तोफगोळ्यांच्या तुकड्यांबरोबर माती आणि कपड्यांच्या चिंध्या शरीरात घुसत आणि वरून शिवलेल्या जखमा आतून सडत. मेलेले मांस पूर्ण कापून काढायचे, जखम उघडी ठेवायची आणि काही दिवसांनी शिवायची, ही पद्धत रुळेपर्यंत युद्धाची दोन-तीन वर्षे गेली. पुढच्या महायुद्धात मागचे पाढे पंचावन्न. ब्रिटिश सैन्याचे सर्जन जनरल, म्हणजे वैद्यकीय सेवेचे प्रमुख, राहिलेले नौदलातले शल्यविशारद ॲलिस्डेर वॉकर यांनी या घसरणीकडे लक्ष वेधले आणि आज लष्करी वैद्यकात ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते: युद्ध संपताना शस्त्रक्रियेचे कौशल्य शिखरावर असते, शांततेत ते उतरत जाते आणि पुढच्या युद्धातल्या पहिल्या जखमींना त्याची किंमत मोजावी लागते.

बुधवार, नेटली

वॉटर्लूहून साउदॅम्प्टन आणि तेथून छोट्या गाडीने नेटली. स्टेशनवरून थोडे चालले की रॉयल व्हिक्टोरिया कंट्री पार्क लागते. आज तेथे हिरवळ आहे, मुले सायकली फिरवतात, समोर साउदॅम्प्टनच्या खाडीतून मोठी जहाजे सरकतात. आणि मधोमध घुमट असलेले एकटे प्रार्थनागृह उभे आहे. त्याच्या दोन्ही अंगांना मिळून जवळजवळ पाव मैल लांबीची इमारत होती, हे सांगितल्याशिवाय कळत नाही. क्रायमियाच्या युद्धात (१८५३-५६) ब्रिटिश जखमींचे जे हाल झाले, त्यातून हे लष्करी रुग्णालय उभे राहिले. राणी व्हिक्टोरियाने १८५६ मध्ये कोनशिला बसवली आणि १८६३ मध्ये ते सुरू झाले. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी आराखडा पाहून कडाडून विरोध केला होता, कारण खाडीकडची हवेशीर बाजू लांबच लांब मार्गिकांना दिलेली होती आणि रुग्णांच्या खोल्या मागच्या बाजूला होत्या. पंतप्रधान पामर्स्टन यांनाही त्यांचे म्हणणे पटले होते, परंतु बांधकाम फार पुढे गेलेले असल्याने फारसा बदल झाला नाही.

नेटलीला येण्याचे माझे खरे कारण म्हणजे येथे असलेली आर्मी मेडिकल स्कूल. १८६३ पासून विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत ब्रिटिश सैन्याचे आणि इंडियन मेडिकल सर्व्हिसचे, म्हणजे हिंदुस्थानातल्या ब्रिटिश राजवटीच्या वैद्यकीय सेवेचे, नवे डॉक्टर येथे काही महिने शिकत. हिवतापाचा प्रसार डासांतून होतो हे हिंदुस्थानात सिद्ध करणारे रोनाल्ड रॉस येथे शिकले; आल्मरोथ राइट यांनी विषमज्वराच्या लसीवरचे काम येथेच केले. स्पर्धापरीक्षा देऊन इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये शिरणाऱ्या हिंदी तरुणांचीही वाट नेटलीवरूनच जाई. वनौषधींच्या अभ्यासासाठी आपल्याकडे आजही ज्यांचे नाव आदराने घेतले जाते ते मुंबईचे डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर याच सेवेत होते.

हे सारे वैभव खरेच, पण तेथे फिरताना एक उणीव मला सतत जाणवत राहिली. ही शाळा शहरापासून दूर होती. येथे स्वच्छता, पाणी, साथीचे रोग आणि उष्ण प्रदेशातले विकार हे विषय फार चांगले शिकवले गेले आणि त्या काळी सैनिक गोळीपेक्षा तापानेच अधिक मरत असल्याने ते योग्यही होते. परंतु ताजी जखम येथे कोणी पाहिली नसणार. युद्धावरून येणारा जखमी आठवड्यांचा समुद्रप्रवास करून येई, म्हणजे जो जगणार तोच येथवर पोहोचे. जखम झाल्यानंतरचा पहिला तास शिकायचा असेल तर तो गजबजलेल्या शहराच्या कॅज्युअल्टीत शिकावा लागतो, हे नेटलीच्या त्या शांत हिरवळीवर मला स्पष्ट दिसले. पहिल्या महायुद्धात हिंदी सैनिकांवरही येथे उपचार झाले. मागच्या झाडीत लष्करी दफनभूमी आहे. तेथे थोडा वेळ थांबून परतलो. मुख्य इमारत १९६६ मध्ये पाडण्यात आली.

गुरुवार, पोर्ट्समथ आणि गॉस्पोर्ट

पोर्ट्समथच्या बंदरातून गॉस्पोर्टला जाणारी फेरी काही मिनिटांत पलीकडे पोहोचवते. तेथील हास्लर हे नौदलाचे रुग्णालय १७५३ मध्ये सुरू झाले. लिंबूवर्गीय फळांनी स्कर्व्ही (क जीवनसत्त्वाच्या अभावाने होणारा रोग) बरा होतो हे प्रयोगाने दाखवणारे जेम्स लिंड येथे मुख्य वैद्य होते. ब्रिटनमध्ये शेवटपर्यंत टिकलेले लष्करी रुग्णालय हेच, आणि २००९ मध्ये तेही बंद झाले. आता त्या विटांच्या इमारतींत घरे होत आहेत. पाहण्यासारखे फार नव्हते, म्हणून दुपारपर्यंत परतलो.

मात्र ते बंद का झाले हे सांगितले पाहिजे. शीतयुद्ध संपल्यावर खर्चकपातीची लाट आली हे एक कारण; आल्डरशॉट, प्लिमथ, हॉल्टन, रॉटन येथील लष्करी रुग्णालये १९९५-९६ च्या सुमारास बंद झाली ती त्यातूनच. परंतु दुसरे कारण वैद्यकीय होते आणि मला ते अधिक पटते. सैनिक हा बहुधा तरुण आणि निरोगी माणूस असतो. केवळ सैनिक आणि त्यांची कुटुंबे यांच्यावर चालणाऱ्या रुग्णालयात शल्यविशारदाच्या वाट्याला हर्निया, अपेंडिक्स आणि खेळताना दुखावलेले गुडघे येतात. मोठ्या, गुंतागुंतीच्या शस्त्रक्रिया पुरेशा संख्येने येत नाहीत, अतिदक्षता विभाग ओस राहतो आणि प्रशिक्षणाला मान्यता मिळणे कठीण होते. म्हणून पोर्ट्समथ, प्लिमथ, फ्रिमली, पीटरबरो अशा ठिकाणच्या नागरी रुग्णालयांत सैन्याची पथके नेमण्यात आली. पगार सैन्याचा, हुद्दा सैन्याचा, रोजचे काम मात्र राष्ट्रीय आरोग्यसेवेचे, अर्थात एनएचएसचे.

या बदलाने काही गमावले गेले हेही खरे. १९८२ च्या फॉकलंड युद्धात सर्जन कमांडर रिक जॉली यांनी एका ओसाड कत्तलखान्यात रुग्णालय थाटून दोन्ही बाजूंच्या जखमींना वाचवले, इतके की ब्रिटन आणि अर्जेंटिना या दोन्ही देशांनी त्यांचा सन्मान केला. त्यांच्या पिढीतले शल्यविशारद पोट, छाती, हाडे, रक्तवाहिन्या यांपैकी कशालाही हात घालू शकत. आजची नागरी रुग्णालये अतिविशेषज्ञ घडवतात. मोठ्या आतड्याचा शल्यविशारद छाती उघडत नाही आणि छातीचा शल्यविशारद पोटाकडे पाहत नाही. रणांगणावर मात्र एकाच टेबलावर तिन्ही लागते. ही अडचण ब्रिटिश सैन्याला ठाऊक आहे, म्हणून ते आपले शल्यविशारद जोहान्सबर्गसारख्या शहरांतही पाठवत आले आहे, जेथे गोळीबाराचे आणि भोसकल्याचे रुग्ण ब्रिटनच्या मानाने कितीतरी अधिक येतात. परदेशातल्या एका गरीब वस्तीच्या दुःखावर आपले डॉक्टर शिकतात, ही गोष्ट सोपी नाही. तेथे शिकणाऱ्याने रात्रीच्या ड्यूटीचा पूर्ण भार उचलला पाहिजे आणि त्या रुग्णालयाला काही देऊन गेले पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

शुक्रवार, बर्मिंगहॅम

गाडी न्यू स्ट्रीटला लागली तेव्हा भाची फलाटावर उभी होती. ती बर्मिंगहॅममधल्या एका रुग्णालयात ऑपरेशन थिएटरची परिचारिका आहे आणि तिच्या सहकाऱ्यांत सैन्यातली माणसे आहेत. पिठलं-भाकरी झाल्यावर तिने कपाटातून एका प्रशिक्षणात मिळालेला पट्टा आणला आणि म्हणाली, "मामा, तुम्ही आयुष्यभर जखमी पाहिले, पण हा स्वतःच्या पायावर बांधून पाहिला आहे का?"

तो रणांगणावर प्रत्येक सैनिकाजवळ असतो तसा रक्तस्राव थांबवणारा पट्टा होता: काळी, दोन बोटे रुंद नायलॉनची पट्टी, तिच्यावर बोटाएवढ्या लांबीची प्लॅस्टिकची दांडी आणि दांडी अडकवण्यासाठी एक खोबण. तिने पट्टा माझ्या मांडीभोवती घातला, आधी हाताने जितका ओढता येईल तितका ओढला आणि मग दांडी फिरवली. पहिल्या वेढ्याला दाब जाणवला, दुसऱ्याला कळ आली आणि तिसऱ्याला मी नको म्हणालो. तिने पावलाच्या वरच्या बाजूला, घोट्यापुढे, बोटांनी नाडी चाचपली आणि म्हणाली, "अजून लागते आहे. तुम्ही नको म्हणता तेथे तो सैनिक अजून मरतोच आहे." आणखी अर्धा वेढा देऊन नाडी थांबल्यावर तिने दांडी खोबणीत अडकवली, वेळ लिहिण्याच्या पांढऱ्या पट्टीकडे बोट दाखवले आणि लगेच सगळे सोडले. आमच्या काळी अशा पट्ट्याला डॉक्टर घाबरत. पाय गमवावा लागेल अशी भीती असे. इराक आणि अफगाणिस्तानातल्या अनुभवाने ती भीती बरीच कमी केली आणि आता नागरी रुग्णवाहिकांतही असे पट्टे असतात.

मग ती थिएटरबद्दल बोलली. एकदा दोन लष्करी भूलतज्ज्ञ अल्प मुदतीत बाहेर गेले तेव्हा महिनाभराच्या शस्त्रक्रियांच्या याद्या पुन्हा लावाव्या लागल्या. "ते असतात तेव्हा आमचे काम हलके होते, ते जातात तेव्हा त्यांची जागा कोणी भरत नाही. हे करारात लिहिलेले नसेल तर दोन्हीकडे चीड येते." दुसरी गोष्ट तिने अधिक जोर देऊन सांगितली: "नुसते नागरी रुग्णालयात ठेवले म्हणजे लढाईची तयारी झाली असे नाही. सैन्यातला एखादा हाडांचा डॉक्टर वर्षभर वृद्धांचे सांधेच बदलत राहिला तर त्याचा काय उपयोग? मामा, कुठे बसवले यापेक्षा कुठल्या केसला उभे केले हे बघा."

शनिवार, सेली ओक आणि क्वीन एलिझाबेथ रुग्णालय

सकाळी भाचीबरोबर गाडीने युनिव्हर्सिटी स्टेशनवर उतरलो. बाहेर पडताच क्वीन एलिझाबेथ रुग्णालयाच्या तीन पांढऱ्या, लंबगोल इमारती समोर दिसतात. २०१० मध्ये ते सुरू झाले. त्याआधी जखमी सैनिक जवळच्या जुन्या सेली ओक रुग्णालयात येत. रॉयल सेंटर फॉर डिफेन्स मेडिसिन ही सैन्याची वैद्यकीय संस्था २००१ पासून बर्मिंगहॅममध्ये आहे. सुरुवातीचा काळ कठीण होता. २००६-०७ च्या सुमारास जखमी सैनिकांना नागरी रुग्णांच्या शेजारी ठेवल्याबद्दल वृत्तपत्रांतून मोठी टीका झाली. कुटुंबांचे म्हणणे असे की, आपल्या माणसाला आपल्यासारख्यांच्या सोबतीत बरे होऊ द्या. त्यानंतर लष्करी देखरेखीखालचा वॉर्ड निर्माण झाला. उपचार तेच, शल्यविशारद तेच, परंतु शेजारच्या खाटेवर आपल्यासारखाच सैनिक आणि भोवती गणवेशातल्या परिचारिका. जखमेइतकेच महत्त्व जखमी माणसाला देणारी ही गोष्ट योजना आखणाऱ्यांना आधी सुचली नव्हती.

रुग्णालयाच्या प्रशस्त मधल्या दालनात बसून मी येणारे-जाणारे पाहत होतो. तेथून एका हिरव्या-तपकिरी गणवेशातली तरुणी हातात कॉफी घेऊन लिफ्टकडे गेली. तिच्यामागून साध्या निळ्या थिएटरच्या कपड्यांतले दोघे. सैनिक आणि नागरी यांच्यात एवढाच फरक दिसला.

हेल्मंडमधल्या कॅम्प बॅस्टियन या ब्रिटिश तळावरच्या रुग्णालयातून निघालेला जखमी विमानातल्या अतिदक्षता पथकाबरोबर अनेकदा दीड-दोन दिवसांत येथे पोहोचे. या साखळीचे मर्म मला सांगितले पाहिजे. बॅस्टियनमध्ये जखमीला पाहताच गरज असल्यास थेट थिएटरमध्ये नेत. रक्त चढवणे आणि शस्त्रक्रिया एकाच वेळी सुरू होई. तेथे सगळे दुरुस्त करायचे नसे. रक्त थांबवायचे, फाटलेले आतडे तात्पुरते बांधायचे, पोट उघडेच ठेवून झाकायचे, शरीर गरम करायचे आणि पुढच्या टप्प्याकडे पाठवायचे. रक्तस्रावाने थंड पडलेले शरीर लांब शस्त्रक्रिया सोसत नाही, हे तत्त्व नागरी ट्रॉमा केंद्रांतच (गंभीर जखमींसाठीच्या केंद्रांत) पक्के झाले होते. ते येथून वाळवंटात गेले, वाळवंटात त्याला पहिल्या क्षणापासून रक्ताबरोबर प्लाझ्मा देण्याची जोड मिळाली आणि तेथून ते परत येथे आले. रूढ मोजमापांनुसार ज्यांच्या जगण्याची अपेक्षा नव्हती असे सैनिक येथे जगले आणि त्यांच्या दीर्घ उपचारांतून बर्मिंगहॅमच्या शल्यविशारदांना, भाजलेल्या जखमांच्या तज्ज्ञांना, सूक्ष्मजीवशास्त्रज्ञांना नवे शिकता आले.

ऑक्टोबर २०१२ मध्ये पाकिस्तानातल्या स्वात खोऱ्यात डोक्यात गोळी लागलेली मलाला युसुफझाई याच रुग्णालयात आणली गेली. युद्धातल्या जखमांचा अनुभव असलेले पथक येथे तयार होते, हे तिला येथे आणण्याचे मोठे कारण होते.

बॅस्टियनचे रुग्णालय २०१४ मध्ये बंद झाले. त्यानंतरची वर्षे म्हणजेच वॉकर यांनी सांगितलेल्या उताराची वर्षे. युक्रेनमधल्या युद्धाने आता आणखी एक प्रश्न उभा केला आहे: तेथे हेलिकॉप्टर तासाभरात येत नाही, आकाश सुरक्षित नाही आणि जखमीला बऱ्याच वेळा तासन् तास, कधी दिवसभरही तळघरात सांभाळावे लागते. शहरातल्या रुग्णालयात सगळी साधने हाताशी असताना हे कसे शिकवायचे? माझ्या मते नागरी रुग्णालयातला अतिदक्षता विभाग आणि ग्रामीण भागातली साधनहीन केंद्रे ही दोन्ही त्यासाठी लागतील. एकट्या ट्रॉमा केंद्राने भागणार नाही.

रात्री भाचीबरोबर आपल्याकडचा विषय निघाला. भारतात लष्करी रुग्णालये स्वतंत्र आणि मोठी आहेत. पुण्याचे सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालय १९४८ मध्ये स्थापन झाले असून सैन्यासाठी डॉक्टर घडवते आणि सीमेवरच्या जखमा आपल्या लष्करी शल्यविशारदांनी पिढ्यान् पिढ्या पाहिल्या आहेत. ही रुग्णालये बंद करण्याचा ब्रिटिश मार्ग आपल्याला योग्य नाही, असे मला वाटते. परंतु सीमेवर नेमणूक नसताना, पठारावरच्या शांत छावणीत तीन-चार वर्षे काढणाऱ्या तरुण शल्यविशारदाचे काय? मुंबईतल्या महापालिका रुग्णालयांत रेल्वेखाली तुटलेले पाय रोज येतात, आणि तुटलेल्या, मातीने भरलेल्या, स्नायू चिरडलेल्या त्या पायाइतकी सुरुंगाच्या जखमेशी जवळीक असलेली दुसरी नागरी जखम मी पाहिलेली नाही. ११ जुलै २००६ च्या लोकलमधल्या स्फोटांनंतर आणि २६ नोव्हेंबर २००८ नंतर मुंबईच्या नागरी डॉक्टरांनी स्फोटाच्या आणि गोळ्यांच्या जखमा एका रात्रीत हाताळल्या. त्यांना लष्करी शल्यविशारदांकडून आणि लष्करी शल्यविशारदांना त्यांच्याकडून घेण्यासारखे पुष्कळ आहे.

भाची म्हणाली, "मग तुम्ही कोणाला तरी भेटा ना, मामा. नुसते लिहून काय होणार?" माझा एक विद्यार्थी आज पुण्यात लष्करी शल्यविशारद आहे आणि दुसरी विद्यार्थिनी मुंबईत एका महापालिका रुग्णालयाच्या ट्रॉमा विभागात शिकवते. दोघांनाही रात्रीच निरोप पाठवला की, मी परतल्यावर एका दिवशी एकत्र बसू. चर्चेसाठी तीन मुद्दे आधीच कळवले: लष्करी शल्यविशारदाची महापालिका रुग्णालयातल्या रात्रपाळीची नेमणूक पथकासह असावी, एकट्याची नको, कोणत्या शस्त्रक्रियेला उभे राहायचे ते संख्येसह लिहिलेले असावे, आणि लष्करी माणूस अचानक गेल्यास त्याची पाळी कोण भरणार हे करारातच ठरलेले असावे.